लष्कराचं तोरण

देशाच्या संरक्षणात तुझा वाटा किती, असं कुणी विचारलं तर मी छाती काढून सांगतो, एक तार. ती मीच बांधली आन् मीच तोडली. मधल्या दिवसांत मी जेवढा माज केला, तेवढा आख्ख्या फौजेनं कधी केला नसंल.

शहाण्णव साल असंल. मी तेव्हा जाफराबादला टेलिफोन खात्यात रोजंदारीवर होतो. रोजंदारी म्हणजे खड्डे खणायचे, खांबावर चढायचं आन् साहेबाला चहा आणून द्यायचा. साहेब सुट्टीवर असले की पहिली दोन कामं बी बंद. पण आमच्या गावात, डावरखेड्यात, मी ‘टेलिफोनमधी हाय’ असं सांगायचो. सांगताना खिशाला पेन असायचा. पेनात शाई नसायची, पण ती कोण बघून राह्यलंय.

गावात फोन एकच, काकासाहेबांच्या घरी. तोही जरा आभाळ आलं की मुका व्हायचा. तो दुरुस्त करायला मी जायचो, आन् खरं सांगायचं तर जरा जादाच जायचो. एकदा तर चांगला चालू फोन खोलून ठेवला, कारण बेबीनंदा शेतात गेल्ती आन् ती येईस्तोवर बसायला कायतरी निमित्त पाहिजे होतं. बेबीनंदा म्हणजे काकासाहेबांची थोरली पोरगी. बोलायची कमी. पण हा माणूस फुशारकी मारून राह्यला हे तिला पहिल्या वाक्यालाच कळायचं, आन् तरी ती पुढची वाक्यं ऐकून घ्यायची. चहाचा कप ठेवताना हळूच म्हणायची, "फोन बिघडतो का बिघडवता?"

आडनाव वेगळं, देवक वेगळं, सोयरीक होण्यासारखी होती. फरक एवढाच, की त्यांच्या बांधावर उभं राह्यलं तर नजर पुरायची न्हाई, आन् आमच्या बांधावर उभं राह्यलं तर नजर शेजाऱ्याच्या रानात जायची. तरी आबांनी, म्हणजे माझ्या बापानं, एक दिवस धीर करून विषय काढला. काकासाहेबांनी उडवून लावलं न्हाई. म्हणाले, "कचरू, पोरगा वाईट न्हाई. पण रोजंदारीवाल्याला पोरगी देऊन मी सोयऱ्यांत तोंड कसं दाखवू? त्याला पर्मनंट होऊ दे, त्याच दिवशी सुपारी फोडू. दिवाळीपर्यंत थांबतो. मंग मी दुसरीकडं बघणार."

म्हणजे दिवाळीच्या आत पर्मनंट, न्हाईतर बेबीनंदा दुसऱ्याच्या घरी. एवढं साधं गणित होतं. मी खात्याच्या दारात टपून बसलो, आन् तेवढ्यात फौज आली.

आमच्या गावामागं खंडोबाची टेकडी हाय. तिच्यावर हिरव्या रंगाचे दोन ट्रक चढले, तंबू पडला, जनरेटर घुमायला लागला. ट्रकात कॉम्प्युटर. त्या काळात कॉम्प्युटर मी लांबून पाहिला होता, जालन्याला एमआयडीसीत, काचेच्या पल्याड. इथं एकदम चार होते. मेजरसाहेब त्यांचे प्रमुख, हिंदी बोलणारे, बारीक अंगाचे, सदा घाईत. त्यांचं काम काय, हे त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं, आन् मी ते गावाला वेगळंच समजावून सांगितलं.

खरं होतं ते असं. फौजेची यंत्रं देशभर वेगवेगळ्या जागी ठेवलेली. एक वाळवंटात, एक समुद्राकाठी, एक डोंगरात, एक आमच्या टेकडीवर. सगळी टेलिफोनच्या तारेनं एकमेकांला जोडायची, आन् सगळ्यांच्या पडद्यावर मिळून एक खोटी लढाई लावायची. वाळवंटातल्यानं खोटं विमान उडवलं, की ते त्याच घटकेला आमच्या टेकडीवर दिसलं पाहिजे, आन् समुद्राकाठच्यानं ते खोटंखोटं पाडलं पाहिजे. दारूगोळा न्हाई, धूर न्हाई, सगळा खेळ तारेवर. एवढी लांबलांबची यंत्रं एकदिलानं लढतात का, एवढंच बघायचं होतं.

गावाला मी सांगितलं, की शत्रूचं विमान पाडायचा खटका आता डावरखेड्यात हाय, आन् तो कुणाच्या हातात हाय हे सांगायची मला बंदी हाय. असं म्हणून मी स्वतःच्या हाताकडं बघायचो.

गावापर्यंत आमचे खांब होते. गावातून वर टेकडीवर लाईन न्यायला फौजेनं त्यांची स्वतःची तार दिली. काळी, बोटाएवढी सुद्धा जाड न्हाई, पण आत पोलादाचे धागे. बैल जुंपा, तुटायची न्हाई. ती ओढायचं काम माझ्याकडं आलं. आमचे सेक्शनचे बद्रीनाथसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "धर्मराज, चाचणी संपेस्तोवर ही लाईन एकदा बी तुटली न्हाई, तर मेजरसाहेबाकडून दोन चांगले शब्द लिहून घेतो आन् वर पाठवतो. फौजेनं शिफारस केली तर तुझ्या पर्मनंटला कोण आडवं येतंय?"

मला तिथंच सनई ऐकू यायला लागली. त्याच दिवशी मी काकासाहेबांचा फोन ‘तपासायला’ गेलो आन् बेबीनंदाला सगळं सांगितलं. "ही तार टिकली की मी पर्मनंट." ती म्हणाली, "मंग नीट बांधा." एवढंच. पण जाताना तिनं मागं वळून पाहिलं. मी त्या पाहण्यावर बांबूचे खांब रोवत रोवत टेकडी चढलो.

एकच जागा अवघड होती, गावाची वेस. तिथून कडब्याच्या गाड्या जातात, तार उंचावरून न्यायला पाहिजे. एका अंगाला लिंबाचं झाड, दुसऱ्या अंगाला मारुतीच्या देवळाची भिंत आन् भिंतीत लोखंडी कडी. मी घटकाभर बी विचार केला न्हाई. हात आपोआप गेला. तार कडीत ओवली, पीळ मारला, पल्याड लिंबाच्या खोडाला एक घासून पडलेली खाच होती, तिच्यात बसवली. इतकी बराबर बसली, की मला माझ्याच अकलेचं कौतुक वाटलं. ती कडी आन् ती खाच तिथं कुणी आन् कशाला केली, हा प्रश्न काही त्या अकलेला पडला न्हाई.

ती जागा पोळ्याच्या तोरणाची. आन् तोरण बांधायचा मान आमच्या घराण्याचा. मी लहानपणापासून आबांच्या खांद्यावर बसून त्याच कडीत दोर ओवत आलेलो. हाताला सवय होती, म्हणून हात गेला. डोकं मागं राह्यलं, ते माझं नेहमीच मागं राहतं.

आमच्याकडं पोळ्याचं असं असतं. तोरण बांधायचा मान आमचा, तोडायचा मान काकासाहेबांचा. संध्याकाळी सगळ्या गावाचे बैल सजवून वेशीत येतात. काकासाहेब आपला मानाचा बैल तोरणाखाली उभा करतात, आकडीच्या काठीनं तोरण खाली ओढतात, तटकन तुटलं की बैल पुढं, त्याच्या मागं आख्खा गाव, आन् पोळा फुटला. तोवर कुणाचा बैल हलायचा न्हाई. म्हणून आमच्या तोरणाचा दोर बी तसाच पाहिजे. अंबाडीचा, घरी वळलेला, एका जागी मुद्दाम नरम ठेवलेला, म्हणजे वाऱ्यानं तुटणार न्हाई आन् मानकऱ्याला जोर लावायची पाळी येणार न्हाई. आबा दर सालाला तो स्वतः वळायचे. त्या साली त्यांचे हात थरथरायला लागल्ते, म्हणून ते काम माझ्यावर आल्तं.

आबा रोज विचारायचे, "दोर वळला का रे?" मी रोज म्हणायचो, "झालाच समजा." अंबाडीची जुडी ओसरीत जशीच्या तशी पडलेली. मला कुठं वेळ होता? मी विमानं पाडून राह्यलो होतो.

पोळा आन् चाचणीचा शेवटचा दिवस एकाच दिवशी आले. सकाळी मी घाईत निघालो तर आबा टोपलीभर आंब्याच्या डहाळ्या घेऊन बसलेले. म्हणाले, "दोर?" मी चपला घालत म्हणालो, "सगळं येऊन करतो आबा, वेशीवर तयारच हाय." माझ्या मनात होतं, की दुपारी येताना दुकानातून सुतळी घ्यायची आन् पटकन बांधून टाकायची. हे मनातलं मी मनातच ठेवलं. आबांनी फक्त ‘वेशीवर तयार हाय’ एवढंच ऐकलं.

टेकडीवर त्या दिवशी लई गडबड होती. मेजरसाहेब एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाऊन राह्यले होते, मी तार ज्या डब्यात जायची त्या डब्याजवळ उभा. तो डबा सारखा किरकिरायचा, म्हणजे लाईन जिवंत. मी त्या किरकिरीवर जीव लावून बसलो. ऊन कलतं झालं, खालून हलगीचा आवाज आला, तेव्हा कुठं मला दोर आठवला.

पळत खाली आलो. जेठमलशेठचं दुकान वेशीच्या अल्याडच. म्हटलं, "शेठ, जल्दी सुतळीचं बंडल द्या, तोरणाला." जेठमलशेठनी चष्म्यावरून पाहिलं. "तोरण तर कवाच बांधून झालं. तुझ्या आबानं बांधलं. लई मजबूत हाय, मी हात लावून पाहिलं." मी सुतळी तिथंच टाकून वेशीकडं पळालो.

वेशीत आख्खा गाव. बैलांच्या शिंगांना रंग, बेगड, गळ्यात घागरमाळा, पाठीवर झुली. आन् वर, कडीपासून लिंबापर्यंत, माझ्या तारेला आंब्याच्या डहाळ्या, झेंडूच्या माळा, मधोमध नारळ. वजनानं तार चांगली खाली झोळली होती. खाली आबा उभे, धुतलेलं धोतर, नवा फेटा. ज्याला त्याला सांगून राह्यले होते, "फौजेचा दोर हाय. आपल्या धर्मराजानं आणला, खास पोळ्यासाठी." आबांच्या तोंडावर इतका आनंद मी माझ्या जन्मात पाहिला न्हवता. निदान माझ्यामुळं तर कधीच न्हाई.

काकासाहेब बैल घेऊन पुढं आले. तोरणाकडं बघून म्हणाले, "कचरू, तोरण बांधावं तर तुमच्याच घरानं." मंग माझ्याकडं बघून मान हलवली. देवळाच्या पारावर बाया ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या, त्यांत बेबीनंदा. खरं काय ते बोलायला मला तेवढीच एक घटका होती. ती मी छाती फुगवण्यात घालवली.

कारण माझ्या मनात हिशेब चालला होता. ही तार तुटायची न्हाई. काकासाहेब ओढतील, नारळ पडंल, डहाळ्या गळतील, लोक आरडाओरडा करतील आन् तेवढ्यात बैल पुढं जाईल. तार वाचली, नोकरी वाचली, बेबीनंदा वाचली. मी मारुतीला हात जोडले. काय मागावं हे कळंना, म्हणून नुसतेच जोडले.

काकासाहेबांनी आकडी घातली, ओढली. तार खाली आली आन् परत वर गेली. बैल तटून बसला, त्याला तटकन आवाजाची सवय. दुसऱ्यांदा ओढली. नारळ पडून फुटला. हलगीवाला थांबला. मागून कुणीतरी हसलं, "काकासाहेब, आवंदा जोर कमी पडून राह्यला का?" तिसऱ्यांदा त्यांनी सगळं अंग टाकून ओढलं आन् त्यांचा पाय सरकला. गुडघ्यावर आले. फेटा पडला. कुणीतरी उचलून दिला, तो त्यांनी डोक्यावर ठेवला पण बांधला न्हाई.

मंग कुणी हसलं न्हाई. पोळा फुटंना, असं गावात कधी झालंच न्हवतं. म्हातारी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. काकासाहेबांनी आकडीची काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. आबा तोरणाकडं बघत होते. त्यांचा चेहरा असा पडला होता, की मला त्यांच्याकडं बघवंना. त्यांच्या उभ्या हयातीत बांधलेलं तोरण पहिल्यांदा मानकऱ्यावर उलटलं होतं.

मी पाराकडं पाहिलं. बेबीनंदा बापाकडं बघत होती. मंग तिनं माझ्याकडं पाहिलं. ही तार कसली हाय आन् ती टिकली तर काय होणार, हे त्या गर्दीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. तिनं कसली खूण केली न्हाई. डोळे भरलेले होते तेवढे दिसले. त्यातलं किती बापासाठी आन् किती आमच्यासाठी, हे मला तेव्हा कळलं न्हाई.

मला त्या घटकेला नोकरी दिसली न्हाई, असं सांगितलं तर ते खोटं होईल. दिसली. सुपारी दिसली, मांडव दिसला, सगळं दिसलं. आन् तरी मी पारावर चढलो. "थांबा काका, गाठ जरा आवळून बसलीय," असं म्हणून झेंडूच्या माळेआड हात घातला, कमरेची पक्कड काढली आन् कडीजवळ तार कापली. सगळी न्हाई. एकच धागा ठेवला, आबा दोराला नरम जागा ठेवायचे तसा. एवढी एकच गोष्ट मी बापाकडून नीट शिकलो होतो, ती नेमकी त्या दिवशी कामाला आली.

"आता ओढा काका. जरा देवळाच्या अंगानं."

काकासाहेबांनी ओढलं. तटकन तुटलं. बैलानं कान टवकारले आन् झूल उडवत पुढं निघाला. हलगी वाजली, सगळे बैल सुटले, धुरळा उडाला, डहाळ्या खुरांखाली गेल्या. आबा मोठ्यानं हसून राह्यले होते, लहान लेकरासारखे. काकासाहेबांनी मला जवळ ओढून पाठीवर थाप मारली. म्हणाले, "फौजेचा दोर हाय बाबा, मानकऱ्याचा कस बघतो." गाव हसला, मी बी हसलो. पारावर आता बेबीनंदा न्हवती.

तारेचं तुटकं टोक हातात धरून मी टेकडी चढलो. कबूल करून टाकायचं ठरवलं होतं. तंबूत गेलो तर मेजरसाहेब खुर्चीत मागं रेलून चहा पिऊन राह्यले होते. डबा गप होता. मी म्हटलं, "साब, लाईन मैंने काटी. गलती हो गई." 

ते म्हणाले, "बहुत अच्छा टाइम पे काटी." मला वाटलं चेष्टा करून राह्यले. मंग त्यांनी सांगितलं. चाचणीचा शेवटचा भागच तो होता. मधेच एक ठिकाण अचानक तोडायचं, कुणाला न सांगता, आन् बाकीची ठिकाणं त्याच्यावाचून लढत राहतात का ते बघायचं. कुठलं तोडायचं हे सुद्धा ठरलेलं होतं. आमचंच. थोड्या वेळानं ते स्वतः उठून डब्याची वायर काढणार होते. मी त्यांचे श्रम वाचवले.

"मंग बाकीचे?" मी विचारलं.

"बाकी सब चल रहा है. किसी का कुछ नहीं रुका." फौजेच्या वायरलेसवर त्यांना तसा निरोप आल्ता, चाचणी पास. समोरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी मला नमुना दाखवला, दुसऱ्या ठिकाणांना आता काय दिसत असंल तो. वाळवंट हिरवं, समुद्र हिरवा, डोंगर हिरवा, विमानं उडून राह्यली होती आन् पडून राह्यली होती. आमच्या टेकडीच्या जागी फक्त एक लाल ठिपका. "ये रहेगा," ते म्हणाले. "काम चलता रहता है, पर सबको मालूम होना चाहिए कि यहाँ कोई था." मी त्या ठिपक्याकडं लक्ष दिलं न्हाई. मला फक्त एवढंच कळलं, की मी ज्या तारेसाठी जीव टाकून राह्यलो होतो, तिच्यावाचून कुणाचं काहीच अडलं न्हवतं.

मेजरसाहेब सरळ माणूस. त्यांनी जे घडलं तेच लिहून दिलं, की लाईन एकदा तुटली, पण त्यानं चाचणीवर काही परिणाम झाला न्हाई. बद्रीनाथसाहेबांनी ते वाचलं, परत वाचलं आन् म्हणाले, "धर्मराज, हे वर पाठवून काय करू? अट होती तुटायची न्हाई. आन् यात तर लिहिलंय, तुटली तरी चालतं. म्हणजे तार नसली तरी चालतं आन् तारवाला नसला तरी चालतं." त्यांचं काही चुकलं न्हाई. देशाच्या संरक्षणाला माझी गरज न्हाई, हे मीच एवढा खर्चा करून सिद्ध केलं होतं. ट्रक उतरले, तंबू गेला. उरलेली तार मेजरसाहेबांनी मलाच दिली. आमच्या आईनं तिच्यावर कपडे वाळत घातले. अजून तुटली न्हाई.

काकासाहेबांना मी काही सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर पोळा मी फोडला असं झालं असतं, आन् मंग तार कापून उपयोग काय? ते दिवाळीपर्यंत थांबले. दिवाळी झाल्यावर बी चार दिवस थांबले, एकदा मला विचारलं सुद्धा, "काही हालचाल?" मी म्हटलं, "न्हाई काका." त्यांनी सुस्कारा सोडला. माघात बेबीनंदाचं लग्न झालं, आष्टीचं स्थळ, मुलगा पंचायत समितीत, पर्मनंट. लग्नात मी वाढायला होतो. जिलेबी माझ्याकडं होती. नवरदेवाला मी आग्रह करून करून वाढली, की निदान त्याचं पोट तरी दुखावं. त्याचं काही दुखलं न्हाई. माणूस चांगला निघाला, हे एक वरून दुखणं.

पुढं दोन-एक सालानं वरून हुकूम आला आन् सगळ्या रोजंदारीवाल्यांना एकदम पर्मनंट केलं. जो तंबाखू मळत बसायचा तो बी झाला, मी बी झालो. यात माझं कर्तृत्व शून्य. मंग माझं लग्न झालं, उषाबाईशी. भली बाई हाय. फौजेची गोष्ट तिला तोंडपाठ हाय आन् पाव्हणे आले की तीच मला सांगायला लावते. मी ती जिलेबीच्या अलीकडं थांबवतो.

मागल्या काही सालांतली गोष्ट. काकासाहेबांची तब्येत नरम होती, म्हणून बेबीनंदा पंचमीला आल्ती ती पोळ्यापर्यंत राह्यली. पोळ्याला मी अंबाडीचा दोर वळून तोरण बांधलं. आबा आता न्हाईत, पण दोर त्यांच्यासारखाच वळतो. काकासाहेबांना दोघांनी धरून वेशीत आणलं. त्यांनी नुसती काठी लावली आन् तोरण तुटलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, फोन बंद हाय, ये. या वेळी तो खरंच बंद होता.

मी ओसरीत फोन खोलून बसलो. काकासाहेब बाजेवर पडलेले. बेबीनंदानं चहा आणून ठेवला. केसांत पांढरं दिसायला लागल्तं. म्हणाली, "फोन बिघडतो का बिघडवता, धर्माभाऊ?" हे भाऊ तिच्या लग्नापासून लागलं होतं. चहा गरम होता, मी घोट घेतला आन् जीभ भाजून घेतली.

काकासाहेब म्हणाले, "धर्मराज, तुझी ती खोट्या लढाईची गोष्ट सांग. तेवढीच करमणूक." मी सांगितली. माज कसा केला, खटक्याचं सांगून स्वतःच्या हाताकडं कसा बघायचो, सगळं. तोरणाचं गाळलं. म्हटलं, ऐन वेळी तार तुटली. "आन् गंमत बघा काका, एकाचं बी काही अडलं न्हाई. वाळवंटात लढाई चालू, समुद्रावर चालू, सगळं बराबर चालू. आमची तार गेली हे कुणाच्या गावी बी न्हाई." काकासाहेब हसले, खोकला आला, मंग हसता हसता त्यांचा डोळा लागला.

बेबीनंदा दाराला टेकून उभी होती. ती हसली न्हाई. आत तव्यावर पोळी होती, तरी ती गेली न्हाई.

"जे तुटलं, त्याचं काय?" तिनं विचारलं. आवाज हळू होता, बाप उठू नये असा. "बाकीच्यांना ते दिसतच न्हाई का?"

मी म्हणणार होतो, न्हाई. गोष्टीला तेच शोभलं असतं. पण तिच्यापुढं फुशारकी पहिल्या वाक्यालाच पकडली जायची, हे मला माहीत होतं.

"दिसतं," मी म्हणालो. "त्याच्या जागी लाल ठिपका राहतो. बाकीचं सगळं चालू राहतं, पण तो ठिपका जात न्हाई."

तिनं मान हलवली. "बराबर हाय," म्हणाली. "तसंच असतं." मंग कप उचलला आन् पोळी उलटायला आत गेली.

मी तार जोडून फोन कानाला लावला. चालू झाल्ता. तरी मी लगेच उठलो न्हाई, आणखी थोडा वेळ तोच एक स्क्रू पिळत बसलो.